भिंत वाजली की यायचं

एका गावात दोन घरांना मिळून एकच भिंत होती. भिंतीच्या अलीकडे एक शिंपी आणि त्याची बायको राहत, पलीकडे एक एकटी म्हातारी. सगळे तिला मावशी म्हणत. दोन्ही घरांची एक रीत होती. काही अडलं, की भिंत वाजवायची आणि दुसऱ्याने उठून यायचं.

एकदा शिंप्याने त्याच भिंतीवरच्या जुन्या टाइल्स काढायला घेतल्या. बाजाराला निघालेली बायको म्हणाली, "अहो, मावशींना आधी सांगून ठेवा."

"त्यात काय सांगायचं?" म्हणत शिंप्याने छिन्नीवर हातोडा घातलासुद्धा.

ठक ठक ठक. मावशी दारात हजर! "काय रे, बरं आहे ना?"

"टाइल्स काढतोय, मावशी."

ती गेली. पण भिंत पुन्हा वाजली आणि तिला राहवेना. धापा टाकत, पिठाच्या हातांनी ती परत आली. शिंप्याची टाइल नेमकी तेव्हाच हातातून निसटून फुटली. त्याचं डोकं फिरलं.

"तुम्हाला दुसरं काम नाही का? आता भिंत वाजली तरी यायचं नाही!"

मावशीचा चेहरा उतरला. "बरं बाबा," एवढंच म्हणून ती गेली. शिंप्याला हायसं वाटलं.

मग त्याने स्टुलावर चढून वरच्या टाइलला जोर लावला. ती एकटी कसली येते! सगळी रांगच घेऊन आली. स्टूल कलंडलं, शिंपी खाली आपटला आणि त्याचा पाय मोडला. कसाबसा सरपटत तो भिंतीपाशी गेला आणि मुठीने भिंत वाजवू लागला.

पलीकडे मावशी तांदूळ निवडत होती. ती अर्धी उठली. "नको गं बाई, पुन्हा ओरडेल," असं पुटपुटत खाली बसली.

बायको परतली तेव्हा शिंपी वेदनांनी अर्धमेला झाला होता. तिची किंकाळी ऐकून मावशी धावत आली आणि रडू लागली.

"भिंत वाजत होती रे. मला वाटलं, टाइल्सच काढतोयस."

शिंप्याला मान वर करवेना. "चुकलं माझं, मावशी. यापुढे भिंत वाजली की यायचं."

मावशीने डोळे पुसले. "येईन की. पण आता उठायच्या आधी जरा विचार करीन."

तात्पर्य एवढंच, की काळजीने येणाऱ्याचा त्रास वाटला, तर त्याला पुन्हा दोन शब्दांत समजावून सांगावं, हाकलून लावू नये.