तळ्याची पहारेकरीण

तळ्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यावरच्या पाखरांचा म्हातारा पहारेकरी वारला. नवा निवडायला बदकमावशी आणि करकोचेकाका बसले.

टिटवीला हे काम हवंच होतं, कारण तिचं स्वतःचं तळं आटलं होतं. पण त्या दोघांचे ओढलेले चेहरे पाहून ती बिचकली. हे आपल्या चुका काढायलाच बसलेत, असं तिला वाटलं.

"गवत हललं, पण कोल्हा आहे की वारा ते कळेना. मग काय करशील?" काकांनी विचारलं.

'मला सगळं कळतं' असं ती ठोकून देणार, तेवढ्यात मावशींनी भलीमोठी जांभई दिली.

टिटवीचा चेहरा पडला. "मावशी, कंटाळलात का मला?"

"नाही गं बाई. म्हातारा गेल्यापासून आम्हीच आळीपाळीने जागतोय. जो येतो त्याला बघून मनात म्हणते, देवा, हाच असू दे."

टिटवीच्या छातीवरचं ओझं उतरलं. "मग खरं सांगते. नाही कळलं तरी मी ओरडेन. कधी उगाच झोपमोड होईल, तेव्हा रागवू नका."

"आधीचे सगळे म्हणाले, आमची चूक होतच नाही," काका म्हणाले. "त्यांच्या भरवशावर डोळा कसा लागायचा?"

"मग मी कामावर कधी येऊ?"

मावशींची चोच पंखात गेली होती आणि काका एका पायावर गाढ झोपले होते. टिटवी हळूच उंचवट्यावर गेली आणि गवताकडे तोंड करून उभी राहिली.