मुळांतल्या तांबड्या गाठी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. सांगणाऱ्यानं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तेव्हा त्याचा जन्म व्हायचा होता, एवढी एकच काय ती अडचण.

तर एका गावात एक शेतकरी होता, आणि त्याला भ्यायला कारण लागत नसे. टिटवी ओरडली की तो भ्यायचा, आणि टिटवी गप्प बसली की जास्त भ्यायचा. त्या गावाची एक रीत होती. पेरताना मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर पेरलेलं उगवत नाही. बाकीचे ही रीत हसत हसत पाळायचे. हा मान आखडेपर्यंत पाळायचा.

त्याच्या शेतात सालोसाल नुसता गहू. गेली दोन वर्षं तो गुडघ्याला यायचा आणि पिवळा पडायचा. यंदा घरातला शेवटचा गहू बियाण्याला काढला होता. हाही गेला तर चुलीवर तवा ठेवायचा कशाला, असा प्रश्न होता.

बायकोच्या माहेरी गव्हात वाटाणा पेरत. या गावात वाटाणा कुणी पाहिलेलाही नव्हता. नवऱ्याला सांगावं, तर तो आठ दिवस झोपणार नाही. मग तिनं तिफणीच्या मागे दोरीनं मोघा बांधला, म्हणजे बी सोडायची पोकळ नळी. तो पुढे बैल हाकत गहू पेरत होता आणि ही मागून वाटाणा सोडत चालली होती. त्यानं मागे बघितलं नाही. बघणार कसा?

पेरणी उरकली आणि ती लेकीच्या बाळंतपणाला लांबच्या गावी निघाली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "अहो, मी येईपर्यंत शेतातलं काही उपटायचं नाही. काहीही दिसलं तरी."

"काहीही म्हणजे? काय दिसणार आहे?" त्याचा आवाज तिथंच चिरकला.

"काही नाही. म्हणूनच सांगते."

महिनाभरानं दिसलं. गव्हाच्या ओळींमधून अनोळखी वेल वर आले होते. दोऱ्यासारखी हिरवी बोटं काढून त्यांनी गव्हाची कंबर धरली होती. दुसऱ्या दिवशी बोटं चार अंगुळं वर सरकलेली. आठवड्यानं पाहिलं, तर गव्हाच्या गळ्याशी. वारा आला की एकेक ताट हलत नसे. सगळं शेत एकदम हलायचं, खालून कुणीतरी ओढल्यासारखं.

त्यानं शेजाऱ्याला बोलावून आणलं. शेजारी बांधावरूनच म्हणाला, "गड्या, हे आपल्याकडचं नाही. तू पेरलंस?"

"नाही."

"मग कुणी पेरलं? पेरताना मागे तर नव्हतास बघितलं?"

"देवाशपथ नाही."

"बघायला हवं होतंस," शेजारी म्हणाला आणि चपला हातात घेऊन घरी पळाला.

शेतकऱ्यानं धीर करून एक वेल उपटला. मुळांना बारीक गाठी लटकलेल्या, गोचिडांसारख्या. विळ्याच्या टोकानं एक गाठ चिरली. आत तांबडं. बोटाला ओलं लागलं.

हे गव्हाचं रक्त. बायकोचे शब्द आठवले, पण तो म्हणाला, तिनं हे कुठं पाहिलं होतं? आणि तो उपटत सुटला. वेल गव्हाला सोडेनात. एकेका वेलाबरोबर गव्हाची दोन-तीन ताटं मुळासकट यायची. त्याला वाटायचं, बघा, जाताना घेऊन चाललाय. मग तो आणखी जोरात ओढायचा.

अर्धं शेत झालं आणि दिवस कलला. आता उरलेल्या वेलांची भीती वाटून तो जो पळाला, तो दाराला कडी लावून घरात बसला, ते बायको येईपर्यंत.

ती आली, त्याचा हात धरून त्याला शेतात घेऊन गेली. उपटलेल्या बाजूला जमीन भेगाळली होती. उरलासुरला गहू पिवळा पडून माना टाकत होता. दुसऱ्या बाजूला छातीएवढा गहू, हिरवागार, आणि वेलांना टपोऱ्या शेंगा.

"आणि ते रक्त?" तो तिच्या मागे उभा राहून म्हणाला.

"वाटाणा हवेतलं खत या गाठींत साठवतो, मग जमिनीला देतो. आत तांबडं दिसलं की समजायचं, काम चालू आहे. अहो, रक्त पिणाऱ्याच्या शेजारी गहू एवढा हिरवा राहिला असता का?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही भ्याला असता."

"आणि न सांगून काय झालं?"



तात्पर्य: ज्याची भीती वाटते त्याला उपटण्याआधी, त्याच्या शेजाऱ्याची तब्येत बघावी. आणि भित्र्यापासून लपवून त्याचं भलं करू नये. त्याला मागे वळून बघायला लावावं.

आता कबुली. गाठी खऱ्या, त्यांतलं तांबडंही खरं. खोटं आहे ते अर्धं शेत. लहान मुलं ऐकताना डोळे पुसतात म्हणून ते वाचवलं. त्या माणसानं दिवस कलायच्या आत सगळं शेत उपटलं होतं. बांधाच्या कोपऱ्यात चार वेल तेवढे नजरेतून सुटले, आणि त्यांच्याभोवतीचा ओंजळभर गहू हिरवा राहिला. बायकोनं त्याला तोच दाखवला. पुढच्या साली त्या गावानं पेरलेला वाटाणा त्याच चार वेलांचा.