खोप्यातला चिखल

फार वर्षांपूर्वी विहिरीवरच्या बाभळीत सुगरणबाईंची पाखरांची शाळा भरत असे. “खोपा आपल्याच पूर्वजांनी शोधला,” असं त्या शिकवत.

“मग आतून हा चिखल कशाला लावतात, बाई?” लहानग्या चिंगीने विचारलं.

“ती मातीची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांची रीत, आपल्यात घुसलेली!” असं म्हणत बाईंनी आपल्या खोप्यातला चिखल उकरून टाकला.

दुपारी वारा सुटला. हलका झालेला खोपा गरागरा फिरू लागला, आतली अंडी घरंगळू लागली.

“पाकोळीताई, धावा हो!” बाई विहिरीच्या कपारीत राहणाऱ्या पाकोळीला ओरडल्या.

पाकोळीने चोचीतून चिखल आणून थापला, तेव्हा खोपा स्थिरावला.

दुसऱ्या दिवशी शाळा पाकोळीच्या मातीच्या घरट्यापाशी भरली. घरट्याच्या भिंतीत गवताच्या काड्या दिसताच चिंगीने विचारलं, “बाई, गवत तर आपलं. मग ते इथे कसं?”

बाईही वाकून निरखू लागल्या.