काठ नसलेली शाल

एका राज्यात, जिथल्या राजवाड्यात खोटं बोलायची सोयच नव्हती, तिथे वीरकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. सोय नव्हती, कारण सिंहासनामागच्या दांडीवर एक साळुंकी बसायची आणि कुणी खोटं बोललं की मान वाकडी करून म्हणायची, "खोटं." मग तो प्रधान असो, स्वयंपाकी असो, की खुद्द राजा असो. त्यामुळे त्या दरबारात लोक जेवढ्यास तेवढं बोलत, आणि राजा तर त्याहूनही कमी.

या राजानं सात वर्षं अंगावरची डाळिंबी शाल उतरवली नव्हती. भर वैशाखातही नाही. सातवं वर्ष सरत आलं तशी ती शाल रोज माध्यान्ही आपोआप फाटू लागली, बरोबर काळजावर. आणि ती फाटे तितका राजा दगड होई. ज्योतिष्यांनी पोथी मिटली आणि सांगितलं, "आजपासून तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शाल सांधली पाहिजे. नाहीतर राजा उरणार नाही, राजाचा पुतळा उरेल."

दवंडी ऐकून आली सोनकी. रफूगर बाई, आगापिछा नसलेली. सुईदोरा घेऊन ती राज्याराज्यांतून फिरायची, आणि हाती आलेली प्रत्येक शाल आधी काठापासून बघायची. का, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आपणही जरा दम धरू. तिचा डावा तळवा मात्र कायम पांढऱ्या चिंधीनं गुंडाळलेला असे.

"महाराज, शाल उतरवा," ती म्हणाली. "रफूचा दोरा बाहेरून आणायचा नसतो. वस्त्राच्याच काठातून, आतल्या बाजूनं काढायचा असतो. आमचा धर्मच आहे तो."

"शाल उतरणार नाही. काठही मिळणार नाही," राजा म्हणाला. "दोरा भांडारातून घे. हाताला काय झालंय?"

"सुई टोचली."

"खोटं," साळुंकी म्हणाली.

सोनकीचा चेहरा पडला. राजानं मात्र दुसरा प्रश्न विचारला नाही. लपवणाऱ्याला लपवणारा बरोबर ओळखतो, त्यातलीच ती गत.

पहिल्या दिवशी तिनं रेशमाचा दोरा घातला. शेवटचा टाका पडला आणि रेशीम जळून राख झालं. राजाचा डावा खांदा दगड झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं सोन्याची तार घेतली. एका धड हातानं सुईत तार ओवता येईना. चार वेळा चुकली. राजानं काही न बोलता सुई घेतली, तार ओवली आणि परत दिली. एवढंच. पण सोनकीला ते आवडलं, आणि आवडलं याचा तिला मनस्वी राग आला. ती इथे कुणी आवडावं म्हणून आली नव्हती. तारेचं तर पाणी झालं, राजाच्या अंगावरून ओघळलं, आणि गळ्याखालचं सगळं दगड झालं. फक्त काळजाएवढी जागा तेवढी उरली, आणि उजवा हात.

तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं आली. "काठ दाखवा, नाहीतर मी चालले. माझ्या डोळ्यांदेखत माणूस दगड झालेला मला चालणार नाही."

साळुंकी गप्प राहिली. राजानं तिच्याकडे पाहिलं, मग उजव्या हातानं शाल ओढून काढली आणि तिच्या ओंजळीत टाकली. सोनकीनं सवयीनं ती उलटी केली, चारी बाजू फिरवल्या, आणि तिचे हात थांबले. तीन बाजूंना हंसांची ओळ विणलेली होती. चौथ्या बाजूला काठच नव्हता. तिथलं कापड हिसडून तुटलेलं होतं.

वर्षभर ती हीच शाल शोधत होती.

"हा काठ कुठे गेला?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

राजा म्हणाला, "भुजंगनाथाच्या गुहेच्या दारात अडकला. माझी आई मरायला टेकली होती. तिला वाचवणारा मणी त्या जादूगाराच्या खजिन्यात होता. मणी उचलला की गुहेचं दगडी दार मिटतं. आत अंधारात एक मुलगी होती. मला तिचा फक्त तळवा दिसला. तिनं दार रोखून धरलं. म्हणाली, तू नीघ, बाहेरून खांदा लाव, मग मीही सुटेन. मी निघालो. तेवढ्यात आतून भुजंगनाथ गरजला, आणि मी पळालो. त्याचा शाप मागून ऐकू आला. नेणाऱ्याची छाती दगड होईल आणि दार धरणारीच्या तळव्याची जखम कधी भरणार नाही."

"का पळालात?"

"आईला मणी द्यायचा होता."

"खोटं," साळुंकी म्हणाली.

राजानं मान खाली घातली. मग म्हणाला, "भ्यालो. म्हणून पळालो. आई वाचली, पुढे चार वर्षं जगली. त्या मुलीसाठी मी तीनदा घोड्यावर खोगीर घातलं आणि तीनदा उतरवलं. मला वाटतं, ती मेली असणार."

साळुंकी बोलली नाही. खिडकीतलं ऊन भिंतीच्या टोकाला गेलं होतं.

हा माणूस सापडला की काय करायचं, हे सोनकीनं हजार वेळा ठरवून ठेवलं होतं. त्यात त्याला वाचवणं कुठेच नव्हतं. तिला रडू आलं, ते तिनं गिळलं. मग तिनं दातांनी गाठ सोडून चिंधी उलगडली. चिंधीखाली, चिरफाळलेल्या तळव्याला बांधलेला, रक्तानं काळा पडलेला हंसांचा काठ होता.

"ती मेली नाही," सोनकी म्हणाली. "भुजंगनाथ माझा बाप. सहा वर्षं त्यानं मला आत ठेवलं. तो मेला तेव्हा दार एकदा उघडलं, आणि मी निघाले. आता हलू नका."

तिनं शाल पुन्हा त्याच्या अंगावर घातली आणि त्या काठातून दोरा काढला. हाताला रक्ताची धार लागली, पण टाका चुकला नाही. सूर्य टेकला आणि शेवटचा टाका पडला. दोरा जळला नाही, विरघळला नाही. राजाचे हातपाय मोकळे झाले. छातीवर मात्र दगडाची एक ढलपी तशीच राहिली, आणि तिचा तळवाही भरला नाही.

"मणी अजून तुमच्याकडेच आहे," ती म्हणाली. "तो जागच्या जागी ठेवायला हवा."

"मी जातो आत."

"नाही. आत मी जाईन. दार तुम्ही धरायचं."

दोघं निघाली. साळुंकीला तिनं मुद्दाम खांद्यावर घेतलं. गुहेपाशी मणी दाखवताच दार उघडलं, आणि लगेच मिटू लागलं. राजानं दोन्ही तळवे दगडाला लावले.

"मी धरून राहीन," तो म्हणाला.

सोनकीनं साळुंकीकडे पाहिलं. साळुंकी पंख साफ करत होती.

तेव्हा ती आत गेली. मणी ठेवायला एक श्वास पुरला असता. पण सहा वर्षं ज्या दगडावर बसून तिनं दाराकडे डोळे लावले होते, त्याच दगडावर ती जाऊन बसली. दार करकरत होतं. फटीतून तिला दोन तळवे दिसत होते, आणि त्यांवरून ओघळणारं रक्त. ते हलले नाहीत. पोटभर बघून झाल्यावर तिनं मणी खजिन्यात ठेवला आणि सावकाश चालत बाहेर आली. तिच्या डाव्या तळव्याची जखम तोवर भरून आली होती.

राजानं दार सोडलं. छातीवरची ढलपी गळून त्याच्या पायाशी पडली.

"हात फार दुखले?" तिनं विचारलं.

"छे, मुळीच नाही."

"खोटं," साळुंकी म्हणाली.

सात वर्षांत पहिल्यांदा सोनकी हसली. उरलेला काठ तिनं त्याच्या तळव्यांना बांधला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. त्या राज्यात पुढे लोक शाली पांघरत राहिले, पण फक्त थंडीसाठी.