सलोमीबाईची एक भाकरी

बसा, पाय आवरून बसा. मागच्या दोघींनी कुजबुज नंतर करावी. मी गोष्ट दोनदा सांगत नाही.

फार वर्षांपूर्वी, आपल्या भोकरदऱ्याच्या चर्चवर अजून कौलं चढायची होती, नुसतं गवताचं छप्पर होतं, तेव्हाची ही हकिगत. ख्रिस्ती घरं थोडी, पण आवाज गावभर. पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी घोड्यावरून यायचे आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा घास, द्यायचे. शहरातल्या चर्चमध्ये पाव मोडतात. आपल्याकडे पाव कुठला? आपली ज्वारीची भाकरी. आदल्या दिवशी घरोघरचं मूठभर पीठ सलोमीबाईच्या काठवटीत पडायचं, त्याची एकच भाकरी व्हायची आणि तीच मोडून सगळ्यांना घास मिळायचा.

ही सलोमीबाई म्हणजे योनाची विधवा. जिभेची तिखट, हाताची सढळ. तिनं भाकरी थापायला घेतली की पलीकडच्या वाडीतल्या लोकांना भूक लागायची, असं म्हणतात.

एके वर्षी गावात एक उपदेशक आला. त्याचं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही, बरंच झालं. गळा गोड, हातात डफ. चिंचेखाली बसून गायला लागला आणि माणसं भुलली. मग हळूच म्हणाला, "तुमचा बाप्तिस्मा कसा झाला?"

लोक म्हणाले, "पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी शिंपडलं."

"अरेरे! तो बाप्तिस्माच नव्हे. नदीत अंगभर बुडल्याशिवाय तारण नाही, स्वर्ग नाही."

निम्मी मंडळी उठली आणि नदीत बुडून आली. सलोमीबाई म्हणाली, "बुडा की! पाणी ओंजळभर असो नाहीतर नदीभर, देवाचंच आहे." तिथवर ठीक होतं हो. पण उपदेशकानं पुढं सांगितलं की शिंपडलेल्यांबरोबर एका ताटात जेवाल, तर बुडलेलं फुकट जाईल.

झालं! एका मंडळीच्या दोन झाल्या. हे त्यांना 'शिंपडे' म्हणायचे, ते ह्यांना 'बुडके'. शिंपड्यांचा म्होरक्या लुकसदादा. त्यानं चर्चच्या अंगणात मधोमध बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. सख्ख्या जावा पाणवठ्यावर तोंडं फिरवायला लागल्या. हसताय काय? तुमच्याच पणज्या त्या.

सलोमीबाईचा एकुलता एक मुलगा तीमथी, तोही नदीत बुडून आला होता. एक दिवस तो म्हणाला, "आई, बाबा शिंपडलेलेच गेले. उपदेशक म्हणतात, ते स्वर्गात नाहीत."

आणि त्यानं बापाच्या कबरीकडे जाणं सोडलं. काळीज फाटलं सलोमीबाईचं. नवरा तर मातीआड गेलाच होता, आता मुलाच्या मनातूनही जायला निघाला.

प्रभुभोजनाचा शनिवार आला. दोन्हीकडचे लोक आपापलं पीठ वेगळ्या फडक्यात बांधून तिच्याकडे आले. "सलोमीबाई, ह्या खेपेला दोन भाकऱ्या करा."

तिनं दोन्ही गाठोडी सोडली आणि कुणी हां हां म्हणेपर्यंत सगळं पीठ काठवटीत ओतून हातानं एक केलं. मग काठवट उचलली, चर्चच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. म्हणाली, "एक भाकरी मागायला याल तेव्हा उठेन. तोवर माझ्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही."

रविवार आला. पाळकसाहेबांनी समजूत घातली, पण ना बाई उठली, ना लोक हलले. तेही घोडा बांधून तिथंच थांबले. दिवसामागून दिवस गेले. वारा असा सुटला की छपराचं गवत उडालं, पण उघड्या काठवटीतली पिठाची कणी हलली नाही, असं म्हणतात.

शेवटी उपदेशक आला. "बाई, देवाच्या कामात आड येऊ नका."

"नाही येत, साहेब," सलोमीबाई म्हणाली. "ह्यातलं शिंपड्यांचं पीठ तेवढं निवडून काढा. मी आत्ता दोन भाकऱ्या थापते."

उपदेशकानं रागानं काठवटीत हात खुपसला. पीठ कोपरापर्यंत चिकटलं. झटकलं, निघेना. पुसलं, निघेना. तसाच नदीकडे पळाला.

पण उपदेशक गेला म्हणून भांडण गेलं, असं समजू नका. परक्यानं पेरलं तरी ते आता आपलं पीक झालं होतं. लोक कुंपणाच्या दोन्ही बाजूंना नुसते उभे राहिले. तीमथीला मात्र आईची दशा बघवेना. तो तांब्या घेऊन आला. "आई, निदान घोटभर पाणी पी गं."

ती म्हणाली, "तुझा बाप जन्मभर ह्याच भाकरीचा घास घेत आला. त्या घासात प्रभू नव्हता का रे? सांग मला."

तीमथी ढसाढसा रडला. मग तांब्यातलं पाणी पिठात ओतलं आणि स्वतःच मळायला बसला. जन्मात कधी चुलीजवळ न गेलेला गडी तो! पीठ बोटांना, कपाळाला, मिशांना. कुंपणापलीकडून लुकसदादाला राहवेना. "अरे गाढवा, पाणी जास्त झालं!" म्हणत तो काट्यांतून धोतर फाडून घेत आला आणि त्यानंही काठवटीत हात घातला. मग कोण थांबतंय? भाकरीला जळण म्हणून कुंपणच मोडलं. बोरीचे काटे झकास पेटतात.

ती भाकरी तव्यावर गाडीच्या चाकाएवढी झाली, असं म्हणतात. पाळकसाहेबांनी ती मोडली, सगळ्यांनी घास घेतला. सलोमीबाई आपला तुकडा हातात धरून तशीच बसली.

"एक माणूस राहिलाय," ती म्हणाली. "तीमथी, नदीवर जा. त्यालाही एक तुकडा दे."

"त्याला?" लुकसदादा ओरडला. "ज्यानं एवढं केलं त्याला?"

"त्यालाच."

तीमथी गेला. उपदेशक अजून वाळूनं हात घासत होता. त्यानं मान खाली घालून तुकडा खाल्ला आणि पीठ आपोआप गळून पडलं, असं म्हणतात. त्यानं खाल्ल्याचं कळलं तेव्हा सलोमीबाईनं आपला घास तोंडात घातला. मावळतीला ती गेली. योनाच्या शेजारी तीमथीनंच तिला पहिली मूठ माती दिली.

पुढेही कुणी शिंपडून घेत राहिलं, कुणी नदीत बुडत राहिलं. आजही घ्या, भोकरदऱ्यात ज्याला जसा हवा तसा बाप्तिस्मा होतो. भांडणंही होतात, माणसंच आहोत आपण. पण प्रभुभोजनाला ताटात एक तुकडा शिल्लक ठेवतात, त्याला 'सलोमीबाईचा तुकडा' म्हणतात. जो रुसून घरी बसलाय, त्याच्या दारी तो पोचेपर्यंत पाळकसाहेब आशीर्वाद देत नाहीत आणि मंडळी उठत नाही.

आणि तो तुकडा घेऊन जायचं कुणी? ज्याच्याशी त्याचं भांडण झालंय, त्यानंच.