सहा नंबरांची लिव्हर

"उस्ताद, दोनवर ठेवू का तीनवर?"

रणधीर माणगावेनं विचारलं. बाबालाल उस्ताद त्याच्या मोटरसायकलीपुढं उकिडवे बसले होते. पुढच्या चाकाचे आरे एकेक करून नखानं वाजवून बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ब्रेक दोनवर, क्लच तीनवर, असंही करता येईल," रणधीर म्हणाला.

...

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथच्या दोन कारखान्यांच्या मधे उस्तादांचं गॅरेज आहे. पाटी नाही, फोन नाही. मोटरसायकलवाल्यांचा क्लब घाट उतरायला निघणार असला की आदल्या दिवशी दुपारी सगळ्या गाड्या इथं येतात. उस्ताद गाडी तपासतात. मनासारखी असली तर खिशातला खडू काढून पुढच्या टायरवर एक रेघ ओढतात. रेघ नसलेली गाडी घाटात जात नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही आणि त्यावर कुणाकडं दाद मागता येत नाही. एका निवृत्त फौजदारानं एकदा हुज्जत घातली होती. त्या रविवारी तो घरी बसून होता.

रणधीरला रेघ मिळायला आजवर दोन मिनिटं पुरली होती. फरशी-टाइल्सचा त्याचा धंदा उत्तम चालला होता. सहा वर्षं क्लबची पहिली गाडी त्याची असायची. क्लबातल्या निम्म्या लोकांना घाट उतरायला त्यानं शिकवलं होतं, आणि त्याला वयाच्या विसाव्या वर्षी याच उस्तादांनी.

आज अर्धा तास झाला होता. बाकीच्या तेरा गाड्यांना रेघा मिळाल्या होत्या आणि त्यांचे मालक समोरच्या चहाच्या गाड्यावर उभे राहून इकडं बघत होते.

अडलं होतं ते नव्या लिव्हरपाशी. उजवीकडं ब्रेकची, डावीकडं क्लचची, दोन्ही लालभडक. प्रत्येकीच्या मुळाशी एक छोटं चाक, त्यावर एक ते सहा आकडे. एकवर ठेवली की लिव्हर मुठीच्या जवळ येते, सहावर लांब जाते. रणधीरनं त्यांचा तीन आठवडे अभ्यास केला होता. कुठलं अ‍ॅल्युमिनियम, किती बोटांची लांबी, पडल्यावर मोडते की दुमडते, स्क्रू किती दिवसांनी ढिला होतो... हे सगळं त्यानं उस्तादांना मघाशीच सांगून टाकलं होतं. उस्तादांनी मधे एकदाच "व्हय काय" म्हटलं होतं.

"लिव्हर वाईट आहे का?" आता त्यानं थेट विचारलं.

उस्तादांनी ब्रेक दाबला, सोडला, चाक फिरवलं. चाक कुठं घासत नव्हतं. क्लचची तार किती ढिली आहे ते बघितलं.

"लिव्हर चांगली आहे."

"मग?"

उस्ताद उठले आणि आत गेले.

...

ही लिव्हर आली त्याला कारण करूळचा घाट. मागच्या महिन्यात क्लब तो उतरत होता. फोटो काढायला मागं थांबलेला रणधीर गाड्या ओलांडत पुन्हा पुढं निघाला होता. त्याच्यापुढं वैजयंती तारळेकर होती. बँकेत नोकरी, क्लबात दोन वर्षं, अंगावर ओरखडा नाही. वळणावर माकडं रस्त्यात उतरली. तिनं ब्रेक मारला. रणधीरची गाडी मागून तिच्यावर गेली.

त्याला काही झालं नाही. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

कंपनीची लिव्हर लांब होती, बोटं पोचायला वेळ लागला, असं रणधीरनं सांगितलं. मग त्यावर बारा मिनिटांचा व्हिडिओ केला. आठ जणांनी तो बघून तशाच लाल लिव्हर बसवून घेतल्या. बाईनं वळणावर उगाच ब्रेक मारला, हे मात्र त्याला सांगावं लागलं नाही. ते क्लबात आपोआप पसरलं आणि दोन दिवसांत पक्कं झालं. त्याचा कुणी पुरावा मागितला नाही. अशा गोष्टींचा कुणी मागत नाही. ज्याच्या शब्दानं ते थांबलं असतं, तो लिव्हरचे आकडे वाचत बसला होता.

वैजयंतीनं गाडी विकायला काढली होती.

रणधीरनं आपली हकीकत इतक्या वेळा सांगितली होती की आता घडलेलं त्याला तसंच आठवायचं.

...

उस्ताद बाहेर आले ते हातात जुनी काळी लिव्हर घेऊन. रणधीरनं ती मघाशीच आणून इथल्या भंगारच्या डब्यात टाकली होती.

"हिच्यावर किती वर्षं घाट उतरलास?"

"सहा. पण ती लांब होती, उस्ताद. तेव्हा लक्षात आलं नाही."

"आता हात लहान झाला काय?"

रणधीर हसला. उस्ताद हसले नाहीत.

"नव्या लिव्हरचं माप कधी घेतलंस?"

"बसवली तेव्हाच. दुकानात."

"गाडी स्टँडवर?"

"हो."

"तू काय करत होतास?"

"काय करणार... बसलो होतो. चहा आला होता."

उस्तादांनी मान हलवली.

"म्हणजे चहा पिणाऱ्या हाताचं माप घेतलंस."

समोरून कुणीतरी ओरडून विचारलं की शेठ, रेघ घेताय का गॅरेजच विकत घेताय. रणधीरनं त्यांना हात केला. उद्या सकाळी सहाला पहिली गाडी त्याची निघणार, हे त्यानं सगळ्यांना कळवून टाकलं होतं. त्याची रेघ अडते आहे, हे तेरा जण उभे राहून बघत होते, आणि त्याला ते मानेवर जाणवत होतं.

"बस गाडीवर," उस्ताद म्हणाले. "चालू कर. न्यूट्रलमधे राहू दे."

तो बसला. गाडी मधल्या स्टँडवर होती. इंजिन गुरगुरू लागलं.

"पुढं मोकळा रस्ता असला की हात ठेवतोस तसा ठेव. थोडी रेस धर. आता मला सांग, दोन का, आणि तीन का. सावकाश सांग. मी खडू घेतो."

खडू म्हटल्यावर रणधीरला बरं वाटलं. तो समोर बघत सांगू लागला. दोनवर बोटं आधी पोचतात. तीनवर दाबायला जोर चांगला मिळतो. त्याची बोटं मध्यम आहेत, पण तळवा रुंद आहे, म्हणून खरं तर अडीच हवं होतं, पण कंपनीनं अडीच दिलेलंच नाही...

उस्ताद त्याच्या मागं गेले होते. तिथं भिंतीला पत्र्याचा एक जुना मडगार्ड टेकवून ठेवलेला होता.

त्यांनी तो डोक्याच्या वर उचलला आणि शहाबादी फरशीवर टाकला.

गाडी किंचाळली.

...

इंजिन इतकं मोठ्यानं ओरडलं की दोन्ही कारखान्यांतले लोक दारात आले. रणधीरच्या उजव्या हाताच्या चारी बोटांनी रेसची मूठ आवळून धरली होती आणि मनगट खाली गेलं होतं. मूठ पूर्ण पिळलेली. लाल लिव्हर समोर मोकळी उभी होती. एकही बोट तिच्यावर नव्हतं.

हात सुटायला दोन क्षण लागले. ते दोन क्षण त्याला फार लांब वाटले.

"शेठ, आजच निघाला काय?" चहाच्या गाड्यावरून कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. मग हसू थांबलं, कारण गॅरेजमधे कुणी हसत नव्हतं.

उस्तादांनी पुढं होऊन किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं.

रणधीर आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. करूळचं वळण त्याला दिसत होतं, पण आता त्यात इंजिनाचा हाच आवाज होता. इतक्या वेळा सांगितलेल्या हकीकतीत हा आवाज कधीच नव्हता.

"वैजयंती आली होती," उस्ताद म्हणाले. "हात गळ्यात बांधलेला. गाडीला गिऱ्हाईक बघा म्हणाली."

रणधीरनं मान वर केली.

"जाताना म्हणाली, उस्ताद, धडकेच्या आधी मागून गाडी ओरडल्यासारखी वाटली. ब्रेक मारल्यावर गाडी ओरडंल कशी... मलाच भास झाला असंल."

...

"तुम्ही तिला काय सांगितलंत?" रणधीरनं विचारलं.

"मी कुठं होतो घाटात?"

उस्तादांनी मडगार्ड उचलून पुन्हा भिंतीला टेकवला. कोपरा वाकला होता, तो हातोडीनं दोन टोले देऊन सरळ केला. मग पाटावर बसले आणि दुसऱ्या कुणाचा तरी कार्ब्युरेटर उघडायला घेतला, जणू रणधीर निघून गेला आहे.

रणधीरनं ब्रेकच्या लिव्हरवर दोन बोटं ठेवली. मग काढली. विसाव्या वर्षी उस्तादांनी त्याला महिनाभर हीच एक गोष्ट करायला लावली होती, दोन बोटं कायम ब्रेकवर. त्यानं ती पुढं तीस-चाळीस जणांना शिकवली. स्वतः कधी सोडली, ते त्याला आठवेना. बहुधा सगळे वाखाणायला लागले तेव्हा.

तो गाडीवरून उतरला.

चहाच्या गाड्यापर्यंत वीस पावलं होती. ती तो चालून गेला. त्यानं तिथं काय सांगितलं ते गॅरेजमधे ऐकू आलं नाही. एकानं हातातला कप फळीवर ठेवल्याचं दिसलं. आपली नवी लिव्हर बघत उभा असलेला एक जण मान वर करून त्याच्याकडं बघत राहिला. व्हिडिओचं काय, असं कुणीतरी विचारलं असावं, कारण रणधीरनं खिशातून फोन काढला, त्यावर काहीतरी केलं आणि तो परत खिशात टाकला.

मग तो माघारी आला. कान लाल झाले होते, पण चाल नेहमीचीच होती.

"उद्या पहिली गाडी माझी नाही," तो म्हणाला. "सगळ्यांच्या मागं येतो. तुम्ही येऊ दिलंत तर."

उस्ताद स्क्रू फिरवत होते.

"वैजयंतीकडं निघालोय. तिला भास झाला नव्हता, हे सांगतो. गाडी विकू नको म्हणतो." तो थांबला. "ऐकेल का, माहीत नाही."

"कशानं चाललास?"

"चालतच. राजारामपुरीत तर राहते."

उस्तादांनी खिशातून खडू काढला. रणधीर टायरकडं बघायला लागला. पण उस्तादांनी खडू लाल लिव्हरच्या शेजारी, पेट्रोलच्या टाकीवर ठेवला आणि ते पुन्हा कामाला लागले.

"आणि लिव्हर, उस्ताद?" त्यानं दारातून विचारलं. "दोनवर ठेवू का तीनवर?"

आता पहिल्यांदाच उस्तादांनी त्याच्या हाताकडं नीट बघितलं.

"जाऊन ये. हाताचं माप आल्यावर घेऊ."