पासपोर्टमधलं बाळ

टोरांटोहून निघालेल्या मुक्ता खानझोडेला प्रवासात बावीस तास झाले होते. सोबत दोन मुलं. थोरली रेवा उभ्यानेच पेंगत होती आणि कडेवरच्या तीन वर्षांच्या ईशानचा रडून रडून घसा बसला होता. नागपूरचं विमान सुटायला जेमतेम तास उरला होता.

पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबांनी ईशानचा फोटो पाहून मान हलवली. "यात टकलू बाळ आहे. याला तर एवढे केस! हा तोच कशावरून?"

"तेव्हा तो दोन महिन्यांचा होता, साहेब."

"फोटो जुळत नाही म्हणजे नाही. बाजूला थांबा!"

मुक्तामध्ये भांडायचं त्राण नव्हतं. तिची नजर साहेबांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. त्या फोटोत दाट केसांचा तरुण होता. समोर मात्र टक्कल चकाकत होतं.

"थांबते," ती दमल्या आवाजात म्हणाली. "पण याला केस आले, तसे तुमचे गेले. तुमचाही फोटो जुळत नाही. मग तुम्ही तेच साहेब कशावरून?"

मागच्या रांगेत हशा पिकला. साहेबांचा हात नकळत डोक्यावर गेला आणि तिथून मुकाट्याने शिक्क्याकडे.

मुक्ताला हसायचंही बळ नव्हतं. तिने ईशानला दुसऱ्या कडेवर घेतलं, रेवाला हलवून जागं केलं आणि नागपूरच्या विमानाकडे चालू लागली.